ओढ्याकाठी जांभूळ: बी पेरण्यापासून पाखरं उतरेपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा: भोर तालुक्यात घाटाच्या पायथ्याशी २० गुंठे जमीन आहे, एका कडेला पावसाळी ओढा आहे. फेब्रुवारीनंतर आजूबाजूचं रान उघडं पडतं. म्हणून बारमाही हिरवं राहणारं आणि पाखरांच्या, जनावरांच्या उपयोगी पडणारं एखादं देशी झाड लावायचं आहे. रोपवाटिकेत ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि काशीद सुचवली. जांभूळ नको, खाली घाण होते, असं शेजारी सांगतात. दहा फुटी तयार झाड आणावं का, असंही विचारलंय. शिवाय फ्लोरिडात राहणाऱ्या भावालाही तिकडे हेच झाड लावायचंय.

जांभूळच लावा. ओढा आहे म्हटल्यावर दुसऱ्या झाडाचा विचारही करू नका. फक्त बाजारात विकायची जांभळं हवीत की रानासाठी झाड हवं, हे आधी ठरवा. रोप कुठून आणायचं, किती मोठं आणायचं, छाटायचं की नाही, खाली पडलेल्या फळांचं काय करायचं, ही सगळी उत्तरं त्यावर बदलतात. तुम्हाला रानासाठी हवंय असं धरून पुढचं लिहितो.

जांभूळ आपल्या डोंगरांचं मूळचं झाड आहे. महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकर इथल्या माथ्यावरच्या सदाहरित जंगलाची ओळखच अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन झाडांवरून होते. वाऱ्यामुळे तिथे माथ्यावर ते बुटकं, वेडंवाकडं राहतं. तेच झाड खाली ओढ्याकाठी, खोल मातीत सरळ वर जातं आणि ६०-७० फूट सहज गाठतं. पाणी तुंबलं तरी मोठं झाड तग धरतं, आणि मुळं खोल गेल्यावर उन्हाळाही सोसतं. तुमच्या भागातल्या ओढ्यांच्या कडेने फिरलात तर जुनी जांभळं अजून उभी दिसतील. तीच तुमची बियाण्याची झाडं.

रानाच्या दृष्टीने या झाडाची खरी किंमत त्याच्या वेळापत्रकात आहे. मार्च-एप्रिलमध्ये पायथ्याचं पानझडी रान जवळजवळ उघडं असतं. त्या उन्हात जांभळाखाली दाट सावली मिळते, आणि त्याच वेळी झाड फुलतं. फुलं बारीक, पांढुरकी. पुंकेसर लवकर गळतात आणि झाडाखाली पांढरा सडा पडतो. त्या दिवसांत झाडाखाली नुसतं उभं राहिलं तरी वर मधमाश्यांचा घुमारा ऐकू येतो: आग्या, सातेरी, फुलोरी, शिवाय बारीक पोयाची माशी. शिंजीर येतात, फुलपाखरं येतात, माश्या आणि गांधीलमाश्याही येतात. महाबळेश्वरच्या मधात जांभळाचा मध नावाजलेला आहे, आणि त्या तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तुम्ही किंवा शेजारी मधपेट्या ठेवणार असाल तर फुलोऱ्याच्या काळात जवळपास कुठेही कीटकनाशक मारलं जाणार नाही, एवढं आधी बोलून ठेवा.

मग मेअखेर ते जुलै फळं येतात. घाटमाथ्यावर थोडी उशिरा, पायथ्याला आधी. या काळात उन्हाळ्यातली करवंदं, आंबे सरत आलेले असतात आणि पावसाळ्यातलं खाणं अजून तयार झालेलं नसतं. अशा अडनिड्या वेळी जांभूळ पिकतं, म्हणून त्यावर झुंबड उडते. दिवसा कोकीळ, तांबट, बुलबुल, साळुंक्या, हळद्या आणि धनेश. हरियल उंबरावर जास्त रमतो, पण जांभळावरही उतरतो. वानरं आणि माकडं तर येणारच. अंधार पडला की वटवाघळं. लहान जातीची वटवाघळं फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतात, तिथे बसून गर खातात आणि बी खाली टाकतात. पहाटेच्या सुमारास उदमांजर येऊन जातं. काही भागांत त्याला कांडेचोर म्हणतात. खाली पडलेल्या फळांवर भेकर, सांबर, रानडुक्कर आणि साळिंदर येतात, कोल्हाही जांभळं आवडीने खातो. अस्वलाच्या मुलखात या दिवसांत त्याची विष्ठा जांभळाच्या बियांनी भरलेली सापडते.

या सगळ्यामागे एक कारण आहे, आणि ते समजलं की लागवडीच्या निम्म्या चुका आपोआप टळतात. जांभळाच्या बीला सुकणं अजिबात सोसत नाही. गव्हा-हरभऱ्यासारखं डब्यात भरून पुढच्या वर्षी पेरू म्हटलं तर ते मेलेलं असतं. दोन-तीन आठवड्यांतच त्याची उगवण झपाट्याने उतरते. म्हणून झाड फळ पिकवतं तेच पावसाच्या तोंडावर. पाखरू किंवा जनावर फळ खातं, बी आईच्या सावलीपासून दूर नेऊन टाकतं आणि पुढच्या काही दिवसांत पाऊस त्याला ओल देतो. या साखळीतलं काहीही हललं, म्हणजे जनावर उरलं नाही किंवा बी तापलेल्या खडकावर सुकलं, तर नवं झाड होत नाही. तुमच्या ओढ्याकाठी दोन-तीन झाडं फळायला लागली की वर-खाली ओढ्याच्या कडेने न लावलेली रोपं दिसू लागतील. ती पाखरांनी आणि उदमांजरांनी लावलेली असतात. तण समजून खुरप्याने काढू नका.

आता दहा फुटी झाडाबद्दल. घेऊ नका. जांभळाचं सोटमूळ पहिल्याच वर्षी खोल जायला बघतं. पिशवीत दोन-तीन वर्षं अडकलेल्या रोपाचं मूळ तळाशी गोल गोल वळलेलं असतं. ते जमिनीत गेलं तरी वळसा सोडत नाही, आणि पुढे दहा वर्षांनी वादळात असं झाड मुळासकट आडवं होतं. वरून डौलदार दिसतं म्हणून लोक फसतात. एक वर्षाचं, दीड-दोन फुटांचं, निरोगी मुळाचं रोप चार-पाच वर्षांत त्या दहा फुटी झाडाला गाठतं आणि मागे टाकतं.

त्यातही स्वतः बीपासून केलेलं रोप सर्वांत चांगलं. कलमांचं म्हणाल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बहाडोली’ ही जात उत्तम आहे. फळ मोठं, गर भरपूर, आणि फळ लवकर धरतं. पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या जांभळाचं नाव उगाच झालेलं नाही. घरच्या खाण्यासाठी असं एखादं कलम अंगणाजवळ जरूर लावा. ओढ्याकाठी मात्र रानजांभूळच हवं. त्याचं फळ लहान, गर कमी, चव तुरट. आपल्याला ते दुय्यम वाटतं, पण लहान चोचीच्या पाखरांना तेच सोयीचं पडतं. शिवाय एकाच कलमाची सगळी झाडं सारखी असतात आणि बहुधा एकदमच पिकून मोकळी होतात. वेगवेगळ्या रानझाडांच्या बियांपासून झालेली झाडं थोडी मागेपुढे पिकतात, त्यामुळे पाखरांचा हंगाम लांबतो. बी एकाच झाडाचं घेऊ नका. आसपासच्या पाच-सहा जुन्या झाडांखालचं गोळा करा.

काम असं करायचं. जूनमध्ये झाडाखाली नुकतीच पडलेली, पूर्ण पिकलेली फळं वेचा. पाण्यात चोळून गर काढून टाका. जे बी तरंगतं ते सोडून द्या. उरलेलं सावलीत तासभर निथळू द्या आणि त्याच दिवशी किंवा फार तर दोन-तीन दिवसांत पेरा. उन्हात वाळवू नका, हे पुन्हा सांगतो, कारण बी म्हटलं की आपला हात आधी सुपाकडे आणि अंगणातल्या उन्हाकडे जातो. पिशवी खोल घ्या, निदान दहा-बारा इंच. रुंदीपेक्षा खोली महत्त्वाची. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत. बी आडवं ठेवून वर बोटाच्या पेराएवढी माती पुरे. साधारण दोन आठवड्यांपासून अंकुर दिसू लागतात.

इथे एक गंमत दिसेल. एकाच बीतून दोन, तीन, कधी चार रोपंही वर येतात. रोग नाही, जांभळाचा तो स्वभावच आहे. त्याच्या एका बीत अनेक गर्भ असतात. दोन-चार पानांवर असताना अलगद वेगळी केली तर सगळी जगू शकतात. तेवढा वेळ नसेल तर जोमाचं एक ठेवा आणि बाकीची कात्रीने बुडाशी कापा. उपटू नका, ठेवलेल्या रोपाचं मूळ दुखावतं. कोवळी पालवी तांबूस येते, तीही पाहून घाबरायचं कारण नाही. पहिलं वर्षभर अर्धी सावली, नियमित पाणी, आणि पिशवीतून मूळ जमिनीत शिरू नये म्हणून महिन्यातून एकदा पिशव्या हलवणं, एवढं पुरतं.

पुढच्या जूनमध्ये, पहिला चांगला पाऊस होऊन माती आत ओली झाली की लावा. खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल. मुरूम कठीण असेल तर तीन फूट. निघालेली माती आणि दोन घमेली शेणखत परत भरा. जमीन काळी, चिकण असेल तर रोप खड्ड्यात बसवण्यापेक्षा थोड्या उंचवट्यावर लावा. मोठं झाड पाण्यात उभं राहतं हे खरं, पण लहान रोपाची मान सतत ओली राहिली तर कुजते. ओढ्याच्या अगदी पात्रात नको. पुराचं पाणी ओसरून जाईल अशा काठावर, पात्रापासून दहा-पंधरा फुटांवर लावा. दोन झाडांत तीसेक फूट. घराची भिंत, विहीर आणि गाड्या उभ्या करायची जागा यांपासूनही निदान तेवढंच अंतर ठेवा.

पहिले तीन उन्हाळे झाड तुमच्यावर अवलंबून असतं. पहिल्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी एक मोठी बादली, दुसऱ्यात आठवड्याने, तिसऱ्यात पंधरवड्याने. रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा लांब अंतराने भरपूर पाणी द्या, म्हणजे मूळ खाली जातं. बुडाभोवती पालापाचोळ्याचं चार-सहा इंच आच्छादन करा, पण ते खोडाला चिकटू देऊ नका, नाहीतर वाळवी चढते. शेळ्यांना जांभळाची कोवळी पानं आवडतात, म्हणून बोरीच्या किंवा बाभळीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण हवंच.

आणि वणवा. भोर-वेल्ह्याच्या पायथ्याला लावलेली रोपं पाण्याअभावी मरतात त्याहून जास्त वणव्याने मरतात, असं मी ठामपणे म्हणेन. गवत वाळायला लागलं की डिसेंबरातच प्रत्येक रोपाभोवती सहा फुटांचं रिंगण साफ करा, आणि जमिनीच्या डोंगराकडच्या बाजूने दहा-बारा फूट रुंदीचा जाळपट्टा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, काढा. रोप जळालंच तर लगेच उपटून टाकू नका. जांभूळ बुडातून फुटतं. पाऊस पडेपर्यंत थांबून बघा.

थोडं मोठं झालं की दोन गोष्टींनी लोक हमखास घाबरतात. एक, जानेवारी-फेब्रुवारीत बरीच पानं गळतात. सदाहरित म्हणजे पान कधीच गळत नाही असं नसतं. जुनी पानं जाता जाता नवी येतात, म्हणून झाड उघडं दिसत नाही. दुसरी, पानांवर उठणाऱ्या फोडासारख्या गाठी. हे एका बारीक किड्याचं काम असतं, आणि असल्या गाठी नसलेलं जांभूळ शोधून सापडायचं नाही. फवारणी करू नका. त्या किड्यांवर, अळ्यांवर बुलबुल, शिंपी, वटवटे पिल्लं वाढवतात. फांदीवर पानं शिवून विणकर मुंग्यांनी, कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात त्यांनी, घर केलं तर तेही राहू द्या. फक्त त्या फांदीला हात लावायच्या आधी विचार करा.

छाटणी शक्यतो नको. वाट अडवणारी फांदी काढायचीच असेल तर पावसाळा संपल्यावर काढा. फुलोरा बहुधा आदल्या वर्षीच्या, पानं गळलेल्या काड्यांवर येतो, त्यामुळे हिवाळ्याच्या शेवटी छाटलंत तर त्या वर्षीची फुलं आणि फळं दोन्ही गेली. खालच्या फांद्या जमिनीकडे झुकू देत. त्यांच्या आडोशाला करवंद, दिंडा, रानतुळस आपोआप येतात आणि जमिनीजवळ वावरणाऱ्या पाखरांना लपायला जागा होते. वाळलेली फांदीही जिथे कुणाच्या डोक्यावर पडणार नाही तिथे राहू द्या. सुतार आणि तांबट त्यात बिळं करतात. जुन्या झाडाला ढोल्या पडतात, त्यात पिंगळे राहतात.

बीपासूनचं झाड फळायला आठ-दहा वर्षं लागतात. हे ऐकून अनेक जण कलमाकडे वळतात. पण या आठ-दहा वर्षांत झाड रिकामं बसलेलं नसतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून त्यात घरटी होतात, भर उन्हाळ्यात तुमच्या २० गुंठ्यांतली सर्वांत थंड जागा त्याखाली असते. आणि फळायला लागल्यावर ते तुमच्या नातवंडांच्या पुढेही फळत राहील.

शेजाऱ्यांचं म्हणणं अगदी खोटं नाही. जांभळाखाली जमीन जांभळी होते, माश्या घोंगावतात, आंबूस वास येतो, आणि वटवाघळांची शिट भिंतीवर पडली तर डाग जात नाही. म्हणून तर घरापासून अंतर ठेवायला सांगितलं. ओढ्याकाठी मात्र ती फळं झाडून काढू नका, तिथे ती घाण नाही. रात्री जमिनीवरून येणाऱ्या जनावरांचं तेच ताट आहे. तीन-चार आठवड्यांचा प्रश्न असतो. झाडावर जाळी टाकू नका. वटवाघळं आणि घुबडं त्यात अडकून तडफडून मरतात. झाडाकडे रोख धरून दिवाही लावू नका. हंगामात रानडुकरं येतील हे गृहीत धरा, भाजीपाला करणार असाल तर तो दुसऱ्या टोकाला करा. आणि एक कळकळीचं सांगणं: जांभळाची फांदी ठिसूळ असते, वाकत नाही, थेट मोडते. दर हंगामात जांभळावरून पडून मुलं जायबंदी होतात. खाली चादर धरून आकडीने फांदी हलवा, पण कुणालाही वर चढू देऊ नका.

२० गुंठ्यांत किती लावायची? तीन पुरेत. जांभूळ वर्षातले चार-सहा आठवडे खाऊ घालतं, उरलेलं वर्ष पाखरांनी काय करायचं? म्हणून एक उंबर हवाच; तो वर्षातून अनेकदा फळतो. उंबर काही काळ पानं गाळतो, तेव्हा शेजारचं जांभूळ हिरवं असतं, हे दोघं एकत्र छान चालतात. बांधावर करंज आणि करवंदाची जाळी, घराजवळ बकुळ. बकुळही सदाहरित आहे, सावकाश वाढते, तिची नारिंगी फळं पाखरं आणि वटवाघळं खातात, आणि अंगणाला शोभते. झाडांचे शेंडे पुढे एकमेकांना भिडतील असं बघा. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ मध्ये मुख्यतः ज्याच्यासाठी झालं तो शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो. फांदीवरून फांदीवर जाता येईल अशी सलग छत्री त्याला लागते. तुमच्या जमिनीत शेकरू येईल असं वचन देत नाही, पण खारी, वानरं आणि उदमांजर यांनाही असा वरचा रस्ता लागतोच.

रोपवाटिकेने सुचवलेल्या झाडांविषयी एवढंच: ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि काशीद दोन्ही बाहेरची. लवकर वाढतात, हिरवी दिसतात, शेळी तोंड लावत नाही, म्हणून सगळीकडे लावली गेली. मांसल फळ त्यांना नाही, त्यामुळे फळं खाणाऱ्या पाखरांना आणि जनावरांना तिथे काही मिळत नाही. हिरवं दिसणं आणि खायला घालणं यांत फरक आहे, आणि तुम्ही तर नेमकं दुसरंच मागितलंय.

हीच कसोटी तुमच्या भावालाही लावायला हवी. फ्लोरिडात जांभूळ परकं आहे, आणि तिथल्या नैसर्गिक रानात घुसून मूळच्या झाडांची जागा घेणाऱ्या झाडांमध्ये त्याची गणना होते. कारण तेच, जे इथे त्याचं बळ आहे: पाखरं फळ खातात, बी दूर पडतं, दमट हवेत लगेच रुजतं आणि दाट सावलीत इतरांना वाढू देत नाही. घरच्या चवीची आठवण मी समजू शकतो, तरी त्याने तिथे जांभूळ लावू नये. जांभळाच्याच कुळातलं, फ्लोरिडाचं मूळचं आणि सदाहरित असं सिम्प्सन स्टॉपर नावाचं छोटं झाड तिथल्या देशी झाडांच्या रोपवाटिकांत मिळतं. पांढरी सुवासिक फुलं येतात, नारिंगी-लाल फळं तिथली पाखरं खातात. अंगण मोठं असेल तर त्याच्या जोडीला लाईव्ह ओक लावावा, तोही तिथलाच आणि जवळजवळ वर्षभर हिरवा.